साठच्या वर

कांचन बिराजदार आपल्या भाचीशी एकदाच खोटं बोलली, आणि तेही दोनच वाक्यं आणि वर एक शब्द. मार्चमधला रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते आणि लातूरच्या तिच्या उपचार केंद्रात त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. त्या दोन वाक्यांपर्यंत ती कशी आली आणि पुढे काय झालं, त्याची ही हकीकत.

कांचन फिजिओथेरपिस्ट. अठरा वर्षं ती हेच काम करत होती. सुरुवातीला तिच्याकडे यायची ती गुडघे धरलेली म्हातारी माणसं आणि खांदा आखडलेले मास्तर. मग हळूहळू पोरं यायला लागली. पंधरा-सोळा वर्षांची, खेड्यापाड्यांतून शिकवणी वर्गांसाठी लातुरात येऊन राहिलेली, दिवसाचे चौदा तास बाकावर बसणारी. कंबर धरून यायची. एमआरआय काढला तर त्यात काही निघायचं नाही. डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे आणि आईबाप म्हणायचे, अभ्यास नको म्हणून सोंग आहे सगळं.

त्या सुमारास वेदनामापक पट्टा आला.

आपल्याला वाटतं, दुखतं ते पाठीत. प्रत्यक्षात पाठ फक्त बातमी पाठवते. ती बातमी किती मोठ्या आवाजात ऐकायची, हे मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू आणि मेंदू मिळून ठरवतात. कुठे इजा झाली की आवाज मोठा होतो, इजा भरली की पुन्हा लहान. पण कधीकधी इजा भरते आणि आवाज मोठाच राहतो. चोर केव्हाच पळून गेलेला असतो आणि भोंगा वाजतच असतो. हा भोंगा ऐकण्याचं साधन आजवर नव्हतं. पट्ट्यात बसवलेले संवेदक मज्जारज्जूभोवतीचं अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र कातडीवरून वाचत. पट्टा पाठीला हलक्या टिचक्या मारी, जरा ऊब देई, आणि मज्जारज्जू त्याला किती जोरात उत्तर देतो, ते उत्तर शांत व्हायला किती वेळ लागतो, हे मोजी. त्यातून शून्य ते शंभरमधला एक आकडा निघे. त्याला वेदनांक म्हणत. माणसाला कण्हता येतं, तोंड वाकडं करता येतं. मज्जारज्जूला नाटक येत नाही.

पहिल्यांदाच पोरांवर विश्वास बसला. अहमदपूरच्या एका बापाने मुलीचा सदुसष्ट आकडा बघून चष्मा काढला होता आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. कांचनने ते पाहिलं होतं. आपण ज्या धंद्यात आहोत तो चांगला आहे, असं तिला त्या दिवशी वाटलं.

पट्ट्यामुळे उपायही डोळ्यांना दिसू लागला. उपाय औषधाचा नव्हता, व्यायामाचा होता. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा. उताणं झोपून गुडघे मुडपायचे आणि कंबर उचलायची. रांगत्या मुलासारखं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा. मग अर्धी बादली पाणी उचलायची, पुढच्या आठवड्यात पाऊण, त्याच्या पुढच्या आठवड्यात भरलेली. स्नायू बळकट होत हे खरंच, पण खरं काम वेगळंच होई. वाकलं तरी काही मोडत नाही, हे शरीर हळूहळू शिके आणि भोंग्याचा आवाज आपणच खाली आणी. पासष्टचा आकडा तिसावर येई. या वयात हे जमतं, कारण आवाज ठरवणारी यंत्रणा अजून पक्की झालेली नसते, ओल्या मडक्यासारखी असते. अठरा-एकोणीसनंतर ती भाजून निघते. मग ठोकून आकार बदलत नाही.

दोन वर्षं कांचनचं केंद्र पोरांनी भरलेलं असे. आणि मग परीक्षा मंडळाचा नियम आला.

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्या मुलांची पाठ खरोखर दुखते त्यांना वैद्यकीय प्रवेश परीक्षेला एक तास जास्त आणि रेलून बसता येईल अशी खुर्ची मिळावी, एवढंच त्यात होतं. अट अशी की नोव्हेंबर, जानेवारी आणि एप्रिल अशा तिन्ही मोजण्यांत वेदनांक साठ किंवा साठच्या वर हवा. त्या परीक्षेत एक तास म्हणजे चाळीस-पन्नास गुण, आणि दोन गुणांवर लोकांची आयुष्यं इकडची तिकडे होत होती.

त्या हिवाळ्यात कांचनच्या व्यायामवर्गातली मुलं गळायला लागली. आधी तिला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून असेल. मग रेणापूरचे एक गृहस्थ मुलाला न्यायला आले. मुलगा सहा आठवड्यांत एकसष्टवरून एकोणपन्नासवर आला होता आणि बऱ्याच दिवसांनी नीट झोपू लागला होता. गृहस्थ चप्पल काढून, हात जोडून उभे राहिले.

"मॅडम, मे महिना निघेपर्यंत त्याला बरं करू नका."

ते चिडलेले नव्हते. देवाला कौल लावावा तसं विनवत होते. कांचनने त्यांना समजावलं, हे वय निघून गेलं तर पुढे अवघड होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला घेऊन गेले.

त्याहून वाईट गोष्ट तिला नंतर कळली. आकडा वर कसा ठेवायचा, हे शिकवणी वर्गांच्या आसपास लोकांनी शोधून काढलं होतं. त्यासाठी मुलाला मारावं लागत नव्हतं की उपाशी ठेवावं लागत नव्हतं. त्याला हलू द्यायचं नाही आणि घाबरवत राहायचं, एवढंच. तुझी पाठ नाजूक आहे. वाकू नको. दप्तर मी घेते. आया हे दिवसातून दहादा म्हणत, आणि भोंगा सुरू राही. जखमेशिवाय केलेलं ते दुखणं होतं, पण पट्ट्याला ते खरंच दिसे, कारण ते खरंच होतं.

शर्वरी त्याच वर्षी बारावीत होती. कांचनच्या थोरल्या बहिणीची मुलगी, मूळची उदगीरची, शिकवणीसाठी मावशीकडे राहायला आलेली. उदगीरला असताना ती खो-खोच्या जिल्हा संघात होती. खांब मारून ती अशी वळायची की समोरचीला ती कुठून आली कळायचं नाही. लातुरात आल्यावर खेळ सुटला आणि वर्षभरात कंबर धरली. नोव्हेंबरच्या मोजणीत तिचा वेदनांक चौसष्ट आला.

कांचनने दुसऱ्याच दिवशी चटई अंथरली. दोघी सकाळी साडेपाचला उठून व्यायाम करत. शर्वरी चिवट होती, दुखलं तरी मोजून दहा वेळा कंबर उचलायची आणि अकरावी वेळ मावशीला चिडवायला म्हणून उचलायची. पाच आठवड्यांनी कांचनने घरच्या घरी पट्टा लावून पाहिला. अठ्ठावन्न. तिने आनंदाने उदगीरला फोन केला.

रविवारी अक्का आणि दाजी दोघंही आले.

दाजी शाळामास्तर, बोलायला मवाळ. त्यांनी आपल्या वहीत मागच्या तीन वर्षांचे शेवटचे प्रवेश कितीवर थांबले ते लिहून आणलं होतं. शर्वरीचे सराव परीक्षेतले गुण त्याखाली. तास मिळाला तर सीट, नाही मिळाला तर नाही, इतकं ते सरळ होतं. कांचनने आपलं म्हणणं मांडलं. हा आजार आहे, सवलत नाही. आज सोडला तर उद्या हातात राहणार नाही. दाजी मान हलवत राहिले. जेवणं झाल्यावर अक्का स्वयंपाकघरात आली आणि भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई गेली तेव्हा तू नववीत होतीस. मी बारावीचा फॉर्म भरला नाही. तुला ते कधी बोलून दाखवलं का मी?"

"नाही."

"आजही दाखवत नाही. चारच महिन्यांचा प्रश्न आहे."

कांचनने व्यायाम बंद केले. मेमध्ये परीक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून सुरू करू, मुलगी सतरा वर्षांची आहे, अजून वेळ आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. अभ्यास वाढला होता म्हणून शर्वरीनेही कारण विचारलं नाही. व्यायाम थांबल्यावर आकडा थोडा चढला आणि जानेवारीत एकसष्ट आला.

पण शर्वरी मुळात हलणारी पोर होती. गच्चीवर फेऱ्या मारी, शेजारच्या पोरींना खो देऊन पळे. मार्चमध्ये कांचनने मोजलं तेव्हा पंचावन्न आले. मुलगी कोणाच्याही मदतीशिवाय बरी होत होती. अक्काला कळलं तेव्हा तिने फोन करून आधी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग तिने सांगितलं की ती स्वतः शर्वरीला जपून राहा, जपून राहा म्हणून थकली, पण ती आईचं मनावर घेत नाही. ती मावशीचंच ऐकते.

त्या रविवारी कांचनने शर्वरीचा जुना एमआरआय काचेवर लावला. खालच्या दोन मणक्यांमधली गादी किंचित फुगलेली दिसत होती. अशा फुगलेल्या गाद्या ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशा कितीतरी माणसांत सापडतात, केस पांढरे होतात तशा. हे कांचन आपल्या वर्गात पोरांना नेहमी सांगायची.

तिने त्या जागेवर बोट ठेवलं.

"ही गादी सरकलीय, शर्वरी. वाकू नकोस, काही उचलू नकोस, नाहीतर आयुष्यभराचं होऊन बसेल."

शर्वरीने एकच विचारलं, मग आपण तो व्यायाम करत होतो त्याने आणखी सरकली असेल का. कांचन म्हणाली, असेल.

त्या दिवसापासून शर्वरीने बूट घालणं सोडलं, कारण नाडी बांधायला वाकावं लागे. पाण्याची बाटली ती मैत्रिणीला भरून आणायला सांगू लागली. जिन्यावरून उतरताना भिंतीला हात लावी. तीन आठवड्यांनी झालेल्या मोजणीत एकाहत्तर आले. दाजींनी पेढे नाही पाठवले, पण त्यांच्या आवाजात पेढे होते.

परीक्षेच्या दिवशी कांचनच तिला केंद्रावर घेऊन गेली. सवलतीच्या मुलांसाठी वेगळं सभागृह होतं. रेलून बसायच्या खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या, तरी कमी पडल्या म्हणून बाहेर पटांगणात टेम्पोतून आणखी उतरवत होते. पोरं एकेक करून आत जात होती, सावकाश, ताठ, आईचा हात धरून. कांचनला वाटलं, आपण एखाद्या वृद्धाश्रमाच्या दारात उभे आहोत.

शर्वरीला सीट मिळाली. शेवटच्या प्रवेशापेक्षा तिला तीनच गुण जास्त होते.

परीक्षेच्या दुसऱ्याच सकाळी कांचनने पुन्हा चटई अंथरली होती. शर्वरी उताणी झोपली, गुडघे मुडपले आणि कंबर उचलायच्या आधीच तिच्या कपाळावर घाम आला. पाय थरथरू लागले. कांचनने कमरेखाली हात धरून ती दोन बोटं वर उचलली, तशी शर्वरी ओरडली. पहिल्या आठवड्यात एकाहत्तर, तिसऱ्यात सत्तर, सहाव्यात बहात्तर. कांचनने दुसऱ्या लोकांचे एमआरआय आणून दाखवले, हा बघ शेतकरी, पोती उचलतो, याचीही गादी फुगलेली आहे. शर्वरी नीट बघायची, मान हलवायची आणि उठताना भिंत धरायची. बारा आठवडे संपले तेव्हा आकडा एकोणसत्तर होता.

ऑगस्टमध्ये, सोलापूरला कॉलेजात जायच्या आदल्या दुपारी, कपडे भरता भरता तिने विचारलं.

"मावशी, मार्चमध्ये तू म्हणालीस गादी सरकलीय. आता म्हणतेस काही झालेलं नाही. यातलं खोटं कुठलं?"

कांचन पलंगाच्या कडेवर बसली. तिने सगळं सांगितलं. पंचावन्न आकडा, अक्काचा फोन, काचेवरचा एमआरआय. आपल्या बाजूचं काही तिने सांगितलं नाही, आणि अक्का बारावीचा फॉर्म न भरता राहिली होती तेही नाही.

शर्वरी रडली नाही. ती घडी केलेला कुर्ता पुन्हा उलगडून पुन्हा घडी करत होती.

"म्हणजे माझ्या पाठीला काहीच झालेलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग तू बोललीस आणि दुखायला लागलं, ते कसं?"

कांचनने तिला समजावलं. धोका आहे असं ज्याच्यावर विश्वास आहे त्याने सांगितलं, तर मज्जारज्जू ते खरं धरतो आणि आवाज वाढवतो. हाडाला, स्नायूला काही व्हावं लागत नाही. पण आवाज वाढला की दुखणं खरं असतं, त्यात कल्पना काही नसते. आणि तुझ्या वयात तो एकदा वाढून बसला की...

"मग आता उलटं सांग. धोका नाही म्हणून सांग."

"तीन महिने तेच सांगतेय."

"हो," शर्वरी म्हणाली. "पण आता तुझं खरं कसं वाटणार?"

कांचनने परीक्षा मंडळाला पत्र लिहायचं ठरवलं होतं. नाव, तारीख, आकडे, सगळं. हे असं शहरभर चाललंय आणि मी स्वतः केलंय, असं लिहिलं तर निदान मोजणीची अट बदलेल, पुढची पोरं वाचतील, असा तिचा हिशेब होता. तिचा परवाना जाईल ते तिला मान्य होतं. पण नियमात आणखी एक ओळ होती: वेदनांक मुद्दाम वाढवल्याचं सिद्ध झालं तर सवलत रद्द, आणि तिच्या जोरावर मिळालेला प्रवेशही रद्द. म्हणून ते पत्र शर्वरीला विचारल्याशिवाय पाठवता येत नव्हतं. तिने त्याच दुपारी विचारलं.

शर्वरीने बॅगेची चेन लावली. वाकायला नको म्हणून ती पलंगावर ठेवूनच बॅग भरत होती.

"पाठवू नकोस. पाठ गेलीच आहे. सीट तरी राहू दे."

कांचनने पत्र पाठवलं नाही. त्या वर्षी लातुरात सवलत मिळालेली मुलं चार हजारांच्या घरात होती, पुढच्या वर्षी सात हजारांच्या वर गेली. आकडा वाढवून देणारे वर्ग आता उघड पाट्या लावत, फक्त पाटीवर "पाठीची काळजी" असं लिहीत. कांचनने पट्टा परत केला आणि अठराखालच्या मुलांना घेणं बंद केलं. तिच्याकडे पुन्हा गुडघे धरलेली म्हातारी माणसं यायला लागली. त्यांना ती चांगली वाटायची, फक्त फार कमी बोलते म्हणायचे. तिला एखाद्या दुखऱ्या माणसाला धीर द्यायची वेळ आली की शब्द तोंडापर्यंत येऊन थांबत.

अक्काशी बोलणं तुटलं नाही. दिवाळीत सगळे उदगीरला जमले तेव्हा अक्का शर्वरीची कंबर तेलाने चोळत होती. मुलगी झोपल्यावर ती मेथी निवडायला बसली आणि तिने कांचनला विचारलं, अजून किती दिवस लागतील. कांचनने खरं ते सांगितलं. कदाचित पाच वर्षं, कदाचित कधीच नाही. अक्काने ऐकलं आणि ती मेथी निवडत राहिली. जुडी संपली तेव्हा देठं एकीकडे आणि पानं एकीकडे करायची सोडून तिने सगळं एकाच ताटात टाकलं होतं.

दुसऱ्या वर्षी शर्वरीला वॉर्डात जावं लागे. तास तास उभं राहणं तिला जमत नसे. तिच्या तुकडीतल्या तीसपैकी अकरा जणांना जमत नसे. ते भिंतीला टेकून राउंड ऐकत आणि प्राध्यापक त्यांच्याकडे बघत नसत. कांचनला ती महिन्यातून एखादा फोन करी, कामापुरता.

एका दुपारी मात्र तिचा फोन आला आणि ती बराच वेळ बोलली. अस्थिरोग विभागात बारा वर्षांची एक मुलगी आली होती, मंगळवेढ्याकडची, कंबर दुखते म्हणून. सरांनी शर्वरीला तपासायला लावलं. वेदनांक एकेचाळीस होता. एमआरआयमध्ये गादी जराशी फुगलेली. मुलीच्या आईने पहिला प्रश्न विचारला, बारावीपर्यंत हा साठ होईल ना. शर्वरीने आईला उत्तर दिलं नाही. ती मुलीच्या समोर स्टुलावर बसली आणि तिच्याशी बोलली.

"काय बोललीस?" कांचनने विचारलं.

"म्हटलं, तुझी पाठ चांगली मजबूत आहे. यात मोडण्यासारखं काही नाही. थोडं दुखेल, तरी वाक, पळ, बादली उचल. तू कायकाय खेळतेस म्हणून विचारलं. लंगडी म्हणाली. म्हटलं, जा, त्या टोकापर्यंत लंगडी घालून दाखव."

"मग?"

"गेली ना. आधी घाबरत दोन उड्या, मग अख्खा कॉरिडॉर. तिथे वळली आणि पळतच परत आली. हसत होती."

मागे कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याच्या चाकांचा आवाज आला आणि गेला.

"मावशी, मी तिच्याशी खोटं नाही बोलले. एक शब्दसुद्धा नाही. आणि तिला ते लगेच पटलं, माझ्याकडे बघून. मी खोलीत आल्यावर दार लावून तेच शब्द स्वतःलाच मोठ्याने म्हणून पाहिले. तीनदा म्हटले."

"काही वाटलं?"

"नाही," शर्वरी म्हणाली. "आवाज माझाच होता, पण मला तो तुझाच वाटत होता."